साथीच्या दिवसांत ब्रेसेसचे पेशंट: पहिल्या फोनपासून ऑटोक्लेव्हपर्यंत

२०२० मध्ये लॉकडाऊननंतर क्लिनिकं उघडली तेव्हा आपण सगळ्यांनी पीपीई किट घेतली, फेसशील्ड घेतल्या, दारात ताप मोजायला माणूस बसवला. आणि मग पेशंटच्या तोंडातून नुकत्याच निघालेल्या ग्लोव्हच्या हाताने ड्रॉवर उघडून पॉवर चेनचं (दात ओढणाऱ्या रबरी साखळीचं) रीळ बाहेर काढलं. हे मी माझ्या क्लिनिकमध्ये पाहिलं, मित्रांच्या क्लिनिकमध्ये पाहिलं, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा पुन्हा पाहिलं. पैसे किटवर खर्च होतात आणि चूक क्रमात होते. म्हणून हा लेख, ऑर्थोडॉन्टिस्टसाठी (दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांसाठी) आणि तितकाच आपल्या असिस्टंट ताईंसाठी.

आपली ओपीडी दातांच्या इतर कामांपेक्षा वेगळी आहे. एकेका पेशंटला दहा-पंधरा मिनिटं, बहुतेक शाळकरी मुलं, प्रत्येकाबरोबर आई किंवा बाबा, कधी धाकटं भावंडही. फवारा उडवणारी कामं तुलनेने थोडी, पण हात ड्रॉवरकडे जाण्याच्या खेपा भरपूर. माझ्या मते आपल्याकडे संसर्गाच्या दोन मोठ्या वाटा आहेत: भरलेली वेटिंग रूम आणि ओल्या ग्लोव्हने उघडलेला ड्रॉवर. खालचा क्रम या दोन वाटा डोळ्यांसमोर ठेवून लावला आहे.

टप्पा १: साथ पसरते कशी, ते आधी फळ्यावर लिहा

प्रत्येक साथीला एकच उपाय लावला की अर्धा उपाय वाया जातो आणि जो हवा तो राहून जातो.

गोवर हवेतून पसरतो. पेशंट उठून गेल्यावरही त्या खोलीच्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकू शकतो. पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत मूल संसर्ग देतं, म्हणजे आजाराचं नाव कळण्याआधीच ते तुमच्या खुर्चीत बसून गेलेलं असू शकतं. कांजिण्यांमध्ये पुरळाच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत थांबायचं. गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस. फ्लू आणि कोविड बंद खोलीत, जवळून, बोलण्या-खोकण्यातून पसरतात. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली होती. ती हातांवरून पसरते आणि अशा विषाणूंवर सॅनिटायझर कमी पडू शकतं, तिथे साबण-पाणीच हवं.

डेंग्यू खुर्चीतून पसरत नाही, पण आपल्या कामात आडवा येतो. प्लेटलेट उतरलेल्या असताना दात काढायला पाठवणं किंवा मिनी-इम्प्लांट (दात ओढायला आधार म्हणून हाडात घालायचा छोटा स्क्रू) बसवणं नको. आणि तार घट्ट केल्यावर दुखतं म्हणून आपण सवयीने आयब्युप्रोफेन सांगतो, ते डेंग्यूच्या संशयात अजिबात नाही. पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे.

सावध: कानापुढची किंवा जबड्याच्या कोनावरची सूज म्हणजे दाढेचा पू, असं फोनवरच ठरवू नका. गालगुंडाची साथ असेल तर आधी फॅमिली डॉक्टर, मग आपण.

टप्पा २: पेशंट येण्याआधीचा आठवडा

*यादी.* चालू पेशंटची सगळी कार्डं काढून तीन गठ्ठे करा. पहिल्यात ज्यांचं उपकरण आपण पाहिलं नाही तर दात किंवा जबडा भलतीकडे जाईल असे: टाळू रुंद करणारा स्क्रू चावीने फिरवणं चालू असलेले, नुकतं मिनी-इम्प्लांट बसवलेले, हिरड्या सुजलेले. दुसऱ्यात जागा बंद करण्याचं काम चालू असलेले आणि ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, वायर धरणारा तुकडा) निघालेले. तिसऱ्यात पातळ नायटाय (निकेल-टायटॅनियमच्या लवचिक) वायरवर दात सरळ होत असलेले आणि फक्त रिटेनरवर (उपचारानंतर दात जागेवर धरणाऱ्या उपकरणावर) असलेले. तिसरा गठ्ठा आठ-दहा आठवडे सहज थांबू शकतो.

साथ वाढताना दिसतेय आणि क्लिनिक बंद ठेवावं लागेल असं वाटतंय, तर पहिल्या दोन गठ्ठ्यांचं उपकरण आधीच निवांत करून ठेवा. रबरी मॉड्यूलऐवजी (वायर ब्रॅकेटला बांधणाऱ्या छोट्या रिंगऐवजी) स्टीलची लिगेचर (बांधायची बारीक तार), वायरचं मागचं टोक वळवून आत, स्क्रू थांबवून पक्का. २०२० मध्ये हे कुणालाच जमलं नाही, वेळच मिळाला नाही. नंतर आलेल्या मुलांच्या ब्रॅकेटभोवती पांढरे डाग होते आणि काहींच्या गालात वायर रुतली होती.

*माणसं.* प्रत्येक कर्मचाऱ्याचं लसीकरण लिहून काढा: गोवर-रुबेला, कांजिण्या, हेपॅटायटिस बी, फ्लू. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची लस गरोदरपणात देत नाहीत, म्हणून हे साथ येण्याआधी उरकायचं. गरोदर असिस्टंटला ताप-पुरळाच्या संशयित पेशंटच्या वाऱ्यालाही उभं करू नका. तिने स्वतः सांगायची वाट पाहू नका, तुम्ही विचारा.

*हवा.* स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच गार करून फिरवतो. इथे फार जण फसतात. उदबत्ती पेटवा आणि खुर्चीच्या डोक्याकडे, पेशंटचं तोंड येईल तिथे धरा. धूर तुमच्या चेहऱ्याकडे येत असेल तर एग्झॉस्ट चुकीच्या जागी आहे किंवा खिडकी चुकीची उघडली आहे. धूर पेशंटच्या पायांकडून किंवा बाजूने थेट बाहेर गेला पाहिजे, रिसेप्शनकडे नव्हे.

मग हिशेब करा. खोली १० बाय १२ फूट आणि उंची १० फूट, म्हणजे १२०० घनफूट. मिनिटाला १२० घनफूट हवा ओढणारा एग्झॉस्ट लावला तर तासाला ६ वेळा हवा बदलते. ६ वेळा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण जायला साधारण ४६ मिनिटं लागतात. १२ वेळा असेल तर २३. हे हवा नीट मिसळते असं धरून. कोपऱ्यात कपाट उभं असेल तर वेळ वाढवून धरा. बहुतेकांना हा आकडा पहिल्यांदा कळतो तेव्हा कळतं की दोन पेशंटमधली पाच मिनिटं कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

तपासा: दाराखाली टिश्यूचा तुकडा धरा. तो बाहेरून आत, खोलीकडे ओढला गेला पाहिजे.

टप्पा ३: फोन

साथीच्या काळात क्लिनिकमधलं सर्वांत महत्त्वाचं काम रिसेप्शनवरच्या ताई करतात, आणि त्यांनाच आपण सर्वांत कमी शिकवतो. त्यांच्यासमोर हे प्रश्न याच क्रमाने लावून ठेवा:

१. मुलाला किंवा घरात कुणाला गेल्या दोन आठवड्यांत ताप, पुरळ, खोकला, डोळे येणं?
२. शाळेत, सोसायटीत कुणाला?
३. नेमकं काय झालंय? दुखतंय, टोचतंय, सुजलंय, की काही तुटलंय?
४. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवता येईल का?

फोटो कसा काढायचा तेही सांगा, नाहीतर अंधारातला ओठ येतो. खिडकीजवळ बसवा, दोन स्टीलच्या चमच्यांच्या पाठीने गाल बाजूला ओढा, मोबाइल मागच्या कॅमेऱ्याने धरा. तीन फोटो: समोरून, डावीकडून, उजवीकडून.

“मॅडम, तिची तार गालात टोचतेय, जेवत नाहीये,” असा फोन आला तर निम्म्या वेळा क्लिनिकला यावंच लागत नाही. दात कापसाने कोरडा करायचा, मेणाची हरभऱ्याच्या डाळीएवढी गोळी करून टोकावर दाबायची. दात ओला असेल तर मेण टिकत नाही आणि आई म्हणते मेण खराब आहे. बारीक लिगेचरचं टोक असेल तर पेन्सिलच्या मागच्या रबराने आत ढकलायचं. मागची वायर लांबली असेल आणि येणं शक्यच नसेल तर स्पिरिटने पुसलेल्या नेलकटरने टोक कापता येतं, पण मागे गॉजचा तुकडा धरून, म्हणजे कापलेलं टोक घशात जाणार नाही.

ब्रॅकेट निघून वायरवर सरकत असेल तर मेण लावून तसंच राहू द्या, त्या बाजूचं इलॅस्टिक (वरच्या-खालच्या दातांमध्ये लावायचं रबर) बंद. अलाइनर (दात सरळ करणारा पारदर्शक साचा) हरवला तर आधीचा घाला आणि कळवा. पुढचा स्वतःहून सुरू करू नका. स्क्रूची चावी पुढच्या भेटीपर्यंत बंद.

फोनवर भागत नाही अशा गोष्टी: तापासह वाढणारी सूज, तोंड न उघडणं, गिळायला त्रास, तोंडावर मार लागणं. यांना त्याच दिवशी पाहायचं. तुकडा गिळल्यावर खोकला किंवा धाप असेल तर आपल्याकडे नाही, थेट हॉस्पिटलमध्ये.

टप्पा ४: वेळ आणि दार

वेटिंग रूममध्ये एका वेळी एकच कुटुंब. बाकीचे खाली, गाडीत किंवा जिन्यात. फोन आला की वर. बरोबर एकच मोठं माणूस. आल्याची आणि गेल्याची वेळ वहीत लिहायची. ही वही का, ते शेवटच्या टप्प्यात येईल.

दिवसाची मांडणी अशी: सकाळी तपासणी आणि वायर बदलणं, दुपारी बाँडिंग (ब्रॅकेट चिकटवणं), फवारा-धूळ उडवणारं काम सर्वांत शेवटी. संशयित पण टाळता न येणारा पेशंट त्याहूनही शेवटी, आणि त्याच्यानंतर कुणीच नाही.

दारातला ताप मोजणं करा, पण त्यावर विसंबू नका. गोवराच्या साथीत एक अकरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. ताप नाही, थोडी सर्दी, डोळे लालसर. मी हेडरेस्ट खाली करायला वाकले तेव्हा त्याच्या कानामागे केसांच्या रेषेवर बारीक लाल पुरळ दिसलं. आईला विचारलं तेव्हा कळलं की सकाळी पॅरासिटामॉल देऊन आणलं होतं. तोवर तो वेटिंग रूममध्ये चाळीस मिनिटं बसला होता आणि शेजारी एक बाई तान्हं बाळ घेऊन बसल्या होत्या. चूक माझ्या क्लिनिकची होती: आम्ही तापाबद्दल विचारलं, तापाच्या औषधाबद्दल नाही. तेव्हापासून आमच्या यादीत “आज सकाळी काही औषध दिलंय का?” हा प्रश्न आहे.

तपासा: गोवराच्या साथीत खुर्चीत बसवण्याआधी, दारातच कानामागे आणि केसांच्या रेषेवर पाहा. पुरळाच्या आधी गालाच्या आत, दाढांसमोर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. ते सर्वांत आधी आपल्यालाच दिसू शकतात, कारण त्या जागी रोज आपण पाहतो.

टप्पा ५: ट्रे. इथे घाई करू नका

या लेखातली एकच गोष्ट अमलात आणायची असेल तर ही आणा: *पेशंट खुर्चीत बसण्याआधी त्याला लागणारं सगळं ट्रेमध्ये, आणि त्यानंतर ड्रॉवर बंद.*

आदल्या संध्याकाळी उद्याची कार्डं काढा. प्रत्येकावर काय करायचं ते आधीच लिहिलेलं असतं, ते ताईंना वाचून दाखवा. त्यावरून ट्रे लागतो:

- पाउचमधली हत्यारं: आरसा, प्रोब, चिमटा, मॅथ्यू (लिगेचर बांधायची पकड), डिस्टल एंड कटर (वायरचं मागचं टोक कापायची पकड), लिगेचर टकर (लिगेचरचं टोक आत दाबायचं हत्यार), गाल ओढायचा रिट्रॅक्टर.
- वायर, आधीच निवडून. साइझ नक्की नसेल तर दोन, वेगवेगळ्या पाकिटांत.
- पॉवर चेन रिळावरून कापून, लागतील त्याहून दोन कड्या जास्त. रीळ कपाटात परत.
- मॉड्यूलची एक काडी. उरली तरी ती त्या पेशंटबरोबर कचऱ्यात. अर्धी काडी वाचवायचा मोह प्रत्येक क्लिनिकमध्ये आहे. एका मुलाच्या तोंडात गेलेल्या बोटांनी धरलेली काडी पुढच्या मुलासाठी ठेवायची नाही.
- एचंट (दात खरखरीत करणारं अ‍ॅसिड) आणि बाँडचा (चिकटवायच्या द्रवाचा) थेंब वाटीत काढून. बाटली ट्रेवर नको.
- क्युरिंग लाइटच्या (चिकटवलेलं घट्ट करणाऱ्या दिव्याच्या) टोकाला नवं कव्हर.

आता त्या दोन वस्तू, ज्या कुणाच्याच यादीत नसतात. एक, वायरवर खूण करायची पेन्सिल. ती तोंडात जाते, वायरला लागते, लाळेला लागते आणि पुन्हा अ‍ॅप्रनच्या खिशात जाते. दिवसभरात पंधरा तोंडं. तिचे छोटे तुकडे करा, एका पेशंटला एक तुकडा, किंवा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) होणाऱ्या स्केलरने वायरवर ओरखडा काढा. दोन, बँडची (दाढेवर बसवायच्या धातूच्या कड्यांची) पेटी. आपण तीन बँड घालून बघतो, चौथा बसतो आणि आधीचे तीन पुसून पेटीत. आधी मॉडेलवर साइझ बघा, दोन-तीनच बाहेर काढा, आणि तोंडात जाऊन आलेला प्रत्येक बँड अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या मशिनमध्ये) धुऊन, ऑटोक्लेव्ह होऊन मगच पेटीत परत.

तरीही मध्येच काहीतरी लागतंच. त्यासाठी ड्रॉवरजवळ एक निर्जंतुक चिमटा उघड्या पाउचमध्ये ठेवा, फक्त ड्रॉवरसाठी. त्याला ग्लोव्ह लावायचा नाही; स्वच्छ हाताची ताई तो धरते, वस्तू ट्रेवर सोडते, ट्रेला चिमटा टेकवत नाही. एकट्याने काम करत असाल तर ग्लोव्ह काढा, हात चोळा, वस्तू घ्या, नवा ग्लोव्ह. कंटाळा येतो. दोन दिवस असा कंटाळा आला की तिसऱ्या दिवशी ट्रे आपोआप नीट लागतो.

फोटो आणि कॉम्प्युटर स्वच्छ हाताच्या माणसाकडे. ग्लोव्हच्या हातात मोबाइल नको.

टप्पा ६: अंगावर चढवणं आणि उतरवणं

चढवताना: हात धुणं, गाऊन, एन-९५, चष्मा किंवा शील्ड, शेवटी ग्लोव्ह. एन-९५ घातल्यावर दोन्ही हात ठेवून जोरात श्वास सोडा. कडेने हवा लागली तर बसलेला नाही. दाढी असेल तर बसणारच नाही. व्हॉल्व्हचा मास्क आपल्या श्वासापासून पेशंटला वाचवत नाही.

उतरवताना: ग्लोव्ह, हात स्वच्छ, शील्ड, गाऊन, खोलीबाहेर येऊन सर्वांत शेवटी मास्क, पुन्हा हात. मास्क पट्टीला धरून, समोरून नव्हे. किट चढवताना सगळे काळजी घेतात. चूक होते उतरवताना, कारण तेव्हा गरम होत असतं.

टप्पा ७: खुर्चीवर

पेशंटला गुळणी द्या: १ टक्का हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ०.२ टक्के पोव्हिडोन आयोडीन, अर्धा-एक मिनिट. आयोडीनची अ‍ॅलर्जी, थायरॉइड, गरोदरपण आधी विचारा. थुंकता न येणाऱ्या लहान मुलाला नको. गुळणीने तोंडातले जंतू थोडा वेळ कमी होतात. त्यामुळे मास्क किंवा खिडकीत सूट मिळत नाही.

थ्री-वे सिरिंजची (पाणी आणि हवा सोडणाऱ्या नळीची) दोन्ही बटणं एकदम दाबू नका. आधी पाणी, मग हवा. दोन्ही मिळून फवारा होतो. एचंट धुण्याआधी ओल्या कापसाने पुसून घ्या आणि धुताना जाड सक्शन दातापासून एक-दोन सेंटिमीटरवर धरा. बारीक लाळ-नळी त्याची जागा घेऊ शकत नाही. सेल्फ-एच प्रायमर (एचंटचं कामही करणारा द्रव) असेल तर धुणंच वाचतं.

ब्रेसेस काढण्याचं काम साथीच्या शिखरावर पुढे ढकला. करावंच लागलं तर ब्रॅकेट पकडीने काढा, दातावर उरलेलं कंपोझिट (चिकटवायचं मिश्रण) कमी वेगाच्या हँडपीसवर टंगस्टन कार्बाइड बरने, थांबत थांबत, दात तापू न देता. सक्शन बरच्या शेजारी. एअरोटरचं (जास्त वेगाच्या हँडपीसचं) पाणी बंद म्हणजे धोका बंद असं नाही: कोरडी धूळही लाळेची असते आणि ती श्वासात जाते.

टप्पा ८: पेशंट उठल्यावर

आधी हवा, मग पृष्ठभाग. टप्पा २ च्या हिशेबाने थांबा. गोवराचा संशय असेल तर दार लावून पूर्ण दोन तास.

बाजारातलं हायपोक्लोराइट ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रव आणि चार भाग पाणी, म्हणजे १ टक्का. रोज ताजं. फरशी, थुंकायचं भांडं यांना लावून दहा मिनिटं ओलं राहू द्या. लावलं आणि लगेच पुसलं तर फक्त वास उरतो. मावशींना स्पष्ट सांगा: बाथरूमच्या अ‍ॅसिडबरोबर हे कधीही एकत्र नाही, क्लोरीन वायू सुटतो. खुर्चीची बटणं, लाइटचं हँडल यांना ७० टक्के अल्कोहोल किंवा त्याहून सोपं, प्लॅस्टिकचं आवरण.

पकडींना हायपोक्लोराइट लावलं तर महिनाभरात गंजतात. त्यांचा क्रम: अल्ट्रासॉनिक, धुणं, *पूर्ण कोरडं करणं*, बिजागरीत तेल, तोंड उघडं ठेवून पाउच, ऑटोक्लेव्ह. बंद तोंडाच्या पकडीच्या सांध्यात वाफ जात नाही. पाउच आडवे रचू नका, उभे लावा, गच्च भरू नका. १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाला पाउचमधल्या हत्यारांना ३० मिनिटं. व्हॅक्यूमच्या मशिनला १३४ अंशांवर ३-४ मिनिटं. वाफ भरण्याचा आणि वाळण्याचा वेळ वेगळा. ओला बाहेर आलेला पाउच निर्जंतुक धरायचा नाही.

सावध: २ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये वीस मिनिटं बुडवणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे, त्याला दहा तास लागतात. ग्लास बीडमध्ये (तापवलेल्या काचेच्या मण्यांच्या भांड्यात) फक्त पकडीचं टोक तापतं, तुमच्या हातातला भाग तसाच राहतो. इंडिकेटर टेप काळी झाली म्हणजे उष्णता पोहोचली, एवढंच. आठवड्यातून एकदा स्पोर टेस्ट (चिवट जिवाणूही मेले का ते पाहणारी चाचणी) हवीच.

अल्जिनेटचं माप (दातांचा ठसा) वाहत्या पाण्याखाली धुवा, १ टक्का हायपोक्लोराइट फवारा, ओल्या आवरणात दहा मिनिटं, पुन्हा धुऊन लगेच ओता. पाण्यात बुडवून ठेवलं की ते फुगतं आणि रिटेनर बसत नाही.

कचरा: कापूस आणि मास्क पिवळ्यात, ग्लोव्ह लालमध्ये, वायरची टोकं सुयांबरोबर पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. वायरची टोकं पिवळ्या पिशवीत गेली तर ती मावशींच्या हातात घुसतात.

टप्पा ९: संसर्गाचा पेशंट येऊन गेला हे नंतर कळलं तर

वही उघडा. तो पेशंट असताना आणि गोवर असेल तर गेल्यानंतरच्या दोन तासांत जे जे क्लिनिकमध्ये होते, सगळ्यांना त्याच दिवशी फोन. पेशंटचं नाव सांगायचं नाही, आजार आणि वेळ सांगायची. आधी तान्ही बाळं, गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले, कारण गोवराच्या संपर्कानंतर लस ७२ तासांच्या आत दिली तरच उपयोगी, आणि ज्यांना लस देता येत नाही त्यांच्यासाठी डॉक्टरांना सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचा निर्णय घ्यायचा असतो. पालिकेच्या किंवा तालुक्याच्या आरोग्य कार्यालयाला कळवा. लस न झालेल्या कर्मचाऱ्याला संपर्कानंतरच्या पाचव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत पगार न कापता घरी ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी अंगावरचं पुरळ ती लपवून येईल.

त्या तान्ह्या बाळाच्या आईला मी दुपारी सव्वादोनला फोन केला. वहीत त्यांची वेळ लिहिलेली होती, नंबर लिहिलेला नव्हता. तो त्यांच्या थोरल्या मुलीच्या कार्डावरून शोधायला वीस मिनिटं गेली. आता वहीत वेळेशेजारी नंबरचा रकाना आहे, आणि तो भरल्याशिवाय आतलं दार उघडत नाही.